इंजेक्टर मोठा केला म्हणजे गाडी पळते का? मॉडिफिकेशनचं काम घेण्याआधीचा हिशोब

"सर, गॅरेज टाकतोय, परफॉर्मन्सची कामं घेऊ का?" हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. विश्रामबागेत वालचंद कॉलेजची पोरं आहेत, तासाभरावर मोटरस्पोर्टचं वेड असलेलं कोल्हापूर आहे. गिऱ्हाईक येणारच. पण एक इंजिन बसलं की कित्येक महिन्यांचा नफा जातो आणि नाव जातं ते वेगळंच. म्हणून आज सगळ्यात जास्त गैरसमज असलेला पार्ट घेऊ : फ्युएल इंजेक्टर.

ताकद हवेतून येते

इंजेक्टर फक्त पेट्रोल फवारतो. १ ग्रॅम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा तेवढीच ठेवून पेट्रोल वाढवलं तर पॉवर नाही, धूर वाढतो. १६० सीसीच्या जागी २०० सीसीचा इंजेक्टर बसवला आणि ईसीयूला सांगितलंच नाही, तर तो पूर्वीइतकाच वेळ उघडणार आणि २५ टक्के जास्त पेट्रोल आत जाणार. हलक्या थ्रॉटलला ऑक्सिजन सेन्सर काही प्रमाणात सांभाळून घेतो, फुल थ्रॉटलला बहुतेक गाड्यांत नाही. मग प्लग काळे पडतात, पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो.

उलट बाजू जास्त धोक्याची. हवा वाढवली आणि पेट्रोल कमी पडलं की मिश्रण लीन होतं, इंजिन नॉक करतं आणि पिस्टन वितळू शकतो.

साइज कशी काढायची?

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ५ सीसी पेट्रोल धरा, टर्बोला ६. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही. ६,००० आरपीएमला एका सायकलला २० मिलिसेकंद मिळतात, त्यातले १६ वापरायचे.

उदाहरण : ४ सिलिंडर, १०० हॉर्सपॉवर.

- एकूण पेट्रोल : १०० × ५ = ५०० सीसी
- एका इंजेक्टरला : ५०० ÷ ४ = १२५ सीसी
- ८० टक्क्यांच्या हिशोबाने : १२५ ÷ ०.८ = साधारण १५६, म्हणजे १६० सीसीचा इंजेक्टर पुरतो

गिऱ्हाइकाला १२० हॉर्सपॉवर हवेत? मग १८८ सीसी लागतात. पण थांबा, अजून एक गोष्ट राहिली.

आपल्या उसाचं गणित

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे या मिश्रणाचं प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ वर येतं. तेवढ्याच हवेला सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. १८८ चे झाले २०३ सीसी. १२० हॉर्सपॉवरला जुना १६० सीसीचा इंजेक्टर सतत उघडा राहिला तरी पुरणार नाही. परदेशी व्हिडिओतला साइज चार्ट तसाच उचलू नका, तो असं का म्हणतोय ते हे आहे.

क्रम चुकवायचा नाही

1. आधी तपासणी : कॉम्प्रेशन, प्लग, कूलिंग, फ्युएल प्रेशर. थकलेल्या इंजिनावर मॉडिफिकेशन नको.
2. हवा : फिल्टर, इनटेक, एक्झॉस्ट.
3. इंधन : पंप आणि इंजेक्टर एकत्र बघा. प्रेशर ३ वरून ४ बारवर नेलं तर इंजेक्टरचा फ्लो सुमारे १५ टक्के वाढतो, पण प्रेशर वाढलं की पंप कमी देतो.
4. ट्यूनिंग : वाइडबँड सेन्सर लावून ईसीयूचं मॅपिंग. हे बजेटमध्ये नसेल तर काम घेऊच नका.
5. क्लच, ब्रेक, टायर : पळणारी गाडी थांबलीही पाहिजे.

इंजेक्टर कायम मॅच केलेल्या सेटमध्ये घ्या. चारातला एक कमी फवारत असेल तर सरासरी बरोबर दिसते आणि तो एकच सिलिंडर जातो.

कागद आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार मालकाला मनमानी करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-ए मध्ये नियमाबाहेरच्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहेत. वॉरंटी आणि इन्शुरन्सचा प्रश्न वेगळा. गिऱ्हाइकाला हे तोंडी नको, जॉब कार्डवर लिहून द्या आणि सही घ्या. रस्त्यावरची गाडी आणि ट्रॅकची गाडी यांचे दर, अटी वेगळ्या ठेवा.

मग सुरुवात कुठून?

माझा सल्ला सरळ आहे : आधी इंजेक्टर क्लीनिंग आणि टेस्टिंगचं मशीन घ्या. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींतही इंजेक्टर आलाय, म्हणजे रोजचं काम आहे. आधीचा आणि नंतरचा फ्लो गिऱ्हाइकाला ट्यूबमध्ये दाखवा, आकडे बिलावर लिहा. बऱ्याचदा "पिकअप नाही" म्हणून अपग्रेड मागायला आलेला माणूस चोक झालेला इंजेक्टर साफ करून खूश होऊन जातो. तो पैसे कमी देतो, पण परत येतो आणि चार जणांना घेऊन येतो. धंदा त्यावर उभा राहतो.

वरचं गणित तुमच्या स्वतःच्या गाडीचे आकडे घालून एकदा वहीत करून बघा. पुढच्या व्हिडिओत जॉब कार्ड कसं भरायचं ते बघू.