शालीनतेचा परवाना

रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेस जाणारा रस्ता जेथे मुचकुंदीच्या मुखाशी येतो, तेथे जांभ्या दगडाच्या टेकाडावर पूर्णगडाचा आटोपशीर किल्ला उभा आहे, आणि त्याच्या पायथ्याची वस्ती मासळीवर, आंब्याकाजूवर आणि मुंबईहून वा आखाती मुलखातून येणाऱ्या पैशावर पिढ्यान्‌पिढ्या आपला प्रपंच चालवीत आली आहे. अशा गावी परदेशची वार्ता पूर्वी गलबतावरच्या खलाशाबरोबर येई, आणि तीही शिळी होऊन येई. २०२४च्या ऑगस्टात मात्र अमेरिकेतील शिकागोकडच्या एका स्त्रीने उच्चारलेले चार शब्द खाडीच्या इकडच्या पूर्णगडात आणि पलीकडच्या गावखडीत, कॉलेजात जाणाऱ्या मुलींच्या मोबाइलवर, पंधरवड्याच्या आत वाजू लागले असतील, असे मानण्यास काहीच हरकत नाही. ज्या टिकटॉकवर ते प्रथम उमटले त्यावर आपल्या सरकारने जून २०२०मध्येच बंदी घातली. परंतु सरकारी फर्मानाने दरवाजा बंद होतो, खिडक्या नव्हेत, आणि इन्स्टाग्रामच्या रील्समधून ते शब्द जगभर जसे पसरले तसे आपल्याकडेही आले.

‘व्हेरी डेम्युअर, व्हेरी माइंडफुल’ हे ते शब्द. फार शालीन, फार भान राखून, असा त्यांचा साधा आशय. ते उच्चारणारी जूल्स लेब्रॉन ही एका मोठ्या दुकानात गल्ल्यावर काम केलेली, जन्माने पुरुष ठरविली गेलेली पण स्त्री म्हणून जगणारी, आजच्या परिभाषेत पारलिंगी, स्त्री आहे. कामावर जाताना आपण प्रसाधन कसे बेताचे करतो, मुलाखतीस ज्या रूपात गेलो त्याच रूपात नोकरीवरही कसे जातो, इतरांसारखा भडकपणा कसा करीत नाही, हे ती अत्यंत गंभीर मुद्रेने सांगते. आणि ती मुद्राच इतकी रंगविलेली, शब्दांवरचा जोर इतका मोजूनमापून दिलेला, की ऐकणाऱ्यास हसू आवरत नाही. थोड्याच दिवसांत जेनिफर लोपेझसारख्या तारकेपासून व्हाइट हाउसच्या अधिकृत खात्यापर्यंत सर्वांनी ते शब्द उचलले, आणि वर्ष सरताना डिक्शनरी डॉट कॉम या कोशाने त्यांतील पहिल्या विशेषणास वर्षाचा शब्द म्हणून मान दिला. मधल्या काळात भलत्याच एका गृहस्थाने त्या वाक्यावर व्यापारचिन्हाचा हक्क सांगण्यासाठी अर्ज दाखल केला होता, हेही येथे नमूद करावयास हवे. स्त्रीच्या शालीनतेवर मालकी सांगावयास परका पुरुष पुढे यावा, ही गोष्ट आपल्या वाचकांस फारशी नवलाची वाटू नये.

आता गंमत अशी की विनोद म्हणून जन्मलेले हे वचन अनेकांनी उपदेश म्हणून ग्रहण केले. मुलींनी हळू बोलावे, अंगभर ल्यावे, डोळे खाली ठेवावेत, संसारातच कृतार्थता मानावी, असा प्रचार करणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर आधीपासूनच पुष्कळ होत्या, आणि त्यांस हे एक आयतेच घोषवाक्य सापडले. ज्या स्त्रीच्या स्त्रीत्वालाच त्या प्रचारकांपैकी कित्येक मान्यता देणार नाहीत, तिच्याच तोंडचे शब्द त्यांनी आपल्या मुलीबाळींस कित्ता म्हणून घालून द्यावेत, हा योग विलक्षण खरा. पण अपूर्व मात्र नव्हे. महाराष्ट्राने हा योग शंभर वर्षांपूर्वीच अनुभवला आहे, आणि तोही फार मोठ्या थाटाने.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला होऊन रंगभूमीवर आले, आणि पुढे ‘मानापमान’मधील भामिनी, ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधील सिंधू अशा भूमिकांतून त्यांनी मराठी मध्यमवर्गाच्या मनातील कुलस्त्रीची प्रतिमा अशी काही घडविली की खऱ्या कुलस्त्रियांनाच त्या प्रतिमेबरहुकूम आपले रूप दुरुस्त करून घेण्याची पाळी आली. नऊवारी कशी नेसावी, पदर खांद्यावरून किती घ्यावा, अंबाड्यात फुले कोठे माळावीत, लाजताना मान किती अंशांनी वळवावी, याचे धडे घरंदाज बायकांनी एका पुरुषाकडे पाहून घेतले, आणि घरी जाऊन आरशासमोर गिरविले. सिंधू ही तर पातिव्रत्याची पराकाष्ठा: मद्यपी पतीपायी सर्वस्व गमावूनही तोंडातून अक्षर न काढणारी. ती लिहिली पुरुषाने, रंगविली पुरुषाने, आणि अश्रू मात्र प्रेक्षागारातील स्त्रियांनी ढाळले. बालगंधर्वांच्या कलेविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि त्यांच्या स्वरांविषयी तर बोलण्याचा अधिकारही मला नाही. परंतु आपण ज्याला निसर्गसिद्ध स्त्रीसुलभ विनय म्हणत आलो, तो शिकता येतो, शिकविता येतो, आणि ज्याच्या देहाला तो निसर्गाने दिला नाही असे आपण समजतो तोच कित्येकदा तो सर्वांहून सफाईने करून दाखवितो, याचा याहून ढळढळीत दाखला मला ठाऊक नाही.

पुढे १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणून ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्माबाई वर्तक यांना स्त्रीभूमिकांत उभे केले, तेव्हा स्त्रीने स्त्रीचे काम करणे हीच मुळी धाडसाची गोष्ट ठरावी, असा तो काळ होता. चित्रपटाची कथा तर आणखी मौजेची. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामती झाले ते अण्णा साळुंके, आणि त्याच साळुंक्यांनी ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता ही दोन्ही पात्रे केली, म्हणजे मर्यादापुरुषोत्तम आणि त्याची पतिव्रता भार्या एकाच देहात सुखाने नांदली.

रत्नागिरी जिल्ह्यातील माणसास यात काही अवघड वाटण्याचे कारण नाही. शिमग्यात खेळे दारी येतात तेव्हा संकासुराबरोबर लुगडे नेसून, बांगड्या भरून, लाजत मुरकत नाचणारी गोमू ही गावातलाच एखादा बाप्या असते, हे अंगणात बसलेल्या लहान पोरासही ठाऊक असते. लाज ही तेथे सोंगाचा भाग आहे आणि सोंग म्हणूनच तिचे कौतुक होते. अडचण येते ती शिमगा सरल्यावर, तेच सोंग घरातल्या सुनेने बारा महिने, विनावेतन आणि न हसता वठवावे अशी अपेक्षा सुरू होते तेव्हा.

ही अपेक्षा कोण करतो, आणि कोणाकडून करतो, हा या मामल्यातील खरा प्रश्न. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेस आपल्या नवजात अपत्याच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे अपिलात कमी झाली; पण तेवढ्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या स्वैरपणाविषयी टीकेची जी झोड उठली, ती आजच्या समाजमाध्यमांवरील गदारोळास लाजवील अशी होती. तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. १८८२ साली पुण्याच्या शिवाजी छापखान्यातून तिच्या पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. जे दोष तुम्ही आमच्या माथी मारता ते आधी आपल्या अंगी आहेत की नाहीत ते पाहा, हा त्या पुस्तकाचा रोख. पुस्तक पुढे विस्मृतीत गेले आणि जवळजवळ शतकाने पुन्हा उजेडात आले; गदारोळ मात्र कधीच विस्मृतीत जात नाही.

शिवाय ही शालीनता सर्व स्त्रियांकडे सारखी मागितली गेली, असेही नाही. आषाढात गुडघ्यापर्यंत लुगडे खोचून चिखलात भात लावणारी कुणबीण, किंवा पाटी पुढ्यात घेऊन बंदरावर गिऱ्हाइकाशी खणखणीत आवाजात भाव करणारी मासळीवाली, यांच्या उघड्या पोटऱ्यांची वा चढ्या स्वराची कोणी फिर्याद केल्याचे ऐकिवात नाही, कारण त्या पोटऱ्यांवाचून भात नव्हते आणि त्या स्वरावाचून चूल पेटत नव्हती. मर्यादेचा कायदा लागू होई तो ज्या घरांना बायकांच्या श्रमावाचून चालविता येत असे त्या घरांत. किंवा श्रम घरातच दडविता येत असत त्या घरांत, हे म्हणणे अधिक खरे. आज तीच मासळीवाली आपल्या लेकीला रत्नागिरीस नोकरीच्या मुलाखतीस धाडते तेव्हा जरा हळू बोल, असे बजावते. तिने आपला आवाज चुकीचा मानला असे नव्हे. दुकानातल्या, बँकेतल्या, इस्पितळातल्या गल्ल्यापाशी कोणते नाणे चालते ते तिने हेरलेले असते. लेब्रॉनबाईंच्या विनोदाचे मर्मही तेच आहे, आणि म्हणून तो मला थिल्लर वाटत नाही: नोकरी टिकवावयाची असलेल्या माणसाने आपल्या देहाची जी मांडामांड करावी लागते, तिचा हा हिशेब आहे.

हे नाणे डोळे उघडे ठेवून चालविणारी एक स्त्री याच जिल्ह्यात जन्मली. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले, जन्म १८७०. लहानपणी लग्न, ऐन तारुण्यात वैधव्य, आणि रीतीप्रमाणे केशवपन. त्यांची बहीण बाया ही विधवा असता १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाहबद्ध झाली, आणि त्या एका लग्नापायी कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्काराचे हत्यार उपसले. पार्वतीबाईंनी पुनर्विवाह केला नाही. त्या कर्व्यांच्या विधवांसाठीच्या आश्रमात शिकल्या, तेथेच काम करू लागल्या, आणि गावोगाव हिंडून व्याख्याने देत वर्गणी गोळा करू लागल्या. सोवळ्या विधवेचा तो वेष ज्या समाजाने त्यांच्यावर शिक्षेसारखा लादला होता, त्याच समाजाच्या माजघरात शिरण्याचा तो परवाना ठरला असला पाहिजे. मुंडण केलेल्या, आलवण नेसलेल्या बाईपासून आपल्या लेकीसुनांस कसला धोका, असे म्हणून सनातन्यांनी दार उघडावे, आणि तिने आत येऊन मुलींना शिकवा असे सांगावे!

पुढे १९१२च्या सुमारास, पुष्कळ विचारांती, त्यांनी केशवपन सोडले व केस वाढू दिले. स्त्रीच्या मस्तकावरील केसांचा प्रश्न आज आपणास क्षुल्लक वाटेल. त्या दिवसांत जवळच्या माणसांपुढेही त्या केसांची कैफियत द्यावी लागे. त्यांचे ‘माझी कहाणी’ हे आत्मचरित्र १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९१८मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, जुजबी इंग्रजीनिशी त्या आश्रमाच्या कामासाठी अमेरिकेस गेल्या होत्या. देवरुखची ही विधवा तेथे परक्यांच्या घरी मोलकरणीचे काम धरून राहिली, भाषा शिकली, आणि आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडली.