विद्यार्थ्यांचे सामाईक घर आणि उष्णतेच्या खर्चाची वाटणी

उच्च शिक्षणासाठी ब्रिटनमध्ये जाणाऱ्या विद्यार्थ्यांत गोवा, महाराष्ट्र, बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणच्या मराठी कुटुंबांतील मुलामुलींचाही समावेश असतो. प्रवेश, शुल्क आणि प्रवासखर्च यांचा हिशेब घरातील वडीलधारी मंडळी काळजीपूर्वक करतात. परंतु तेथे राहावयास लागल्यानंतर उद्‌भवणारा एक खर्च बहुधा कोणाच्या ध्यानी येत नाही. तो म्हणजे घर उबदार ठेवण्याचा खर्च. आपल्याकडे हा खर्च जवळजवळ अस्तित्वातच नसल्याने त्याची कल्पना नसणे स्वाभाविक आहे. तथापि चारसहा विद्यार्थी मिळून भाड्याने घर घेतात तेव्हा या एका खर्चावरून जेवढे वाद होतात तेवढे क्वचितच अन्य कशावरून होत असतील. या वादांचे स्वरूप, त्यांची कारणे व ते टाळण्याचे मार्ग यांची माहिती विद्यार्थ्यांना, पालकांना आणि मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकांना उपयुक्त ठरावी.

घर कसे तापते

इंग्लंडमध्ये ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत घराला कृत्रिम उष्णता द्यावी लागते. जानेवारीत दिवसाचे सरासरी तापमान ४ ते ५ अंश सेल्सिअस असते आणि डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. बहुतेक घरांत नळाने येणाऱ्या वायूवर चालणारा एक बॉयलर असतो. त्यात तापलेले पाणी नळ्यांवाटे प्रत्येक खोलीतील भिंतीलगतच्या रेडिएटरमध्ये फिरते व खोली तापते. संपूर्ण घरासाठी बहुधा एकच थर्मोस्टॅट म्हणजे तापमान-नियंत्रक असतो आणि तो प्रायः प्रवेशाजवळच्या बोळात बसविलेला असतो. त्या बोळातील तापमान ठरविलेल्या अंशापर्यंत पोहोचले की बॉयलर आपोआप थांबतो.

वादाचा उगम नेमका येथेच होतो. बोळ तापला याचा अर्थ सर्व खोल्या तापल्या असा होत नाही. छपराखालची खोली वा उत्तरेकडे तोंड असलेली खोली गारच राहते. बॉयलरशेजारच्या खोलीत मात्र गुदमरल्यासारखे होते. रेडिएटरवर आकड्यांची छोटी झडप असेल तर खोलीपुरते नियंत्रण करता येते. परंतु बोळातला थर्मोस्टॅट खाली ओढून ठेवलेला असेल तर छपराखाली राहणाऱ्याने झडप कितीही उघडली तरी उपयोग होत नाही, कारण बॉयलरच बंद पडलेला असतो. एका हाताने फिरविलेल्या एका चकतीचा परिणाम पाच जणांना भोगावा लागतो.

खर्च कशामुळे वाढतो

घरातून बाहेर जाणारी उष्णता ही आतील व बाहेरील तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. हा साधा नियम ध्यानात घेतला तर पुष्कळ गोष्टी उलगडतात. बाहेर ५ अंश आणि आत १८ अंश असताना फरक १३ अंशांचा असतो. आत २१ अंश ठेवल्यास फरक १६ अंशांचा होतो. केवळ तीन अंशांनी उष्णतेची गळती सुमारे २३ टक्क्यांनी वाढते आणि तितकेच इंधन अधिक जाळावे लागते.

“हीटिंग दिवसभर मंद चालू ठेवावे, ते स्वस्त पडते,” हा समज विद्यार्थ्यांत प्रचलित आहे. वरील नियमानुसार तो टिकत नाही. घर जितका वेळ उबदार, तितका वेळ गळती चालूच. म्हणून सर्वजण बाहेर असताना उष्णता बंद वा कमी ठेवणे आणि परतण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घड्याळाच्या योजनेने ती सुरू करणे अधिक किफायतीचे ठरते.

घराची रचनाही महत्त्वाची आहे. विद्यापीठांच्या आसपासची भाड्याची अनेक घरे पहिल्या महायुद्धापूर्वी बांधलेली, ओळीने एकमेकांस लागून असलेली आहेत. त्यांच्या विटांच्या भिंती भरीव असून त्यांत उष्णतारोधक पोकळी नसते. अशा घरात पाच जणांनी कितीही काटकसर केली तरी खर्च एका मर्यादेखाली येत नाही. हे न जाणता विद्यार्थी एकमेकांवर उधळपट्टीचा आरोप करतात.

विजेवर चालणारे सुटे हीटर हे आणखी एक कारण होय. दोन किलोवॅटचा हीटर रात्री पाच तास चालला तर १० युनिट वीज खर्च होते. ब्रिटनमध्ये विजेचे एक युनिट वायूच्या एका युनिटाच्या अंदाजे चौपट महाग पडते. म्हणजे सामाईक उष्णता कमी ठेवून प्रत्येकाने आपापल्या खोलीत हीटर लावला तर बचत होण्याऐवजी बोजाच वाढण्याचा संभव असतो.

मतभेद कशावरून होतात

आपल्याकडे सामाईक विहिरीवरील मोटारीचे बिल भाऊबंद पाळीच्या तासांप्रमाणे वाटून घेतात. ज्याच्या शेतात पाणी गेले, त्याच्या नावे तास लागले. हिशेब सरळ होतो. उष्णतेची गोष्ट निराळी आहे. ती बांध जुमानत नाही. शेजारची खोली तापलेली असेल तर आपली खोलीही काही अंशी फुकट तापते, आणि शेजारची बंद व थंडगार असेल तर आपली उष्णता तिकडे जाते. कोणी किती वापरली हे मोजण्याची सोय एका मीटरच्या घरात नसते.

त्यामुळे ठरावीक तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. एक जण दिवसभर ग्रंथालयात असतो व रात्री केवळ झोपावयास येतो. दुसरा दिवसभर घरी बसून अभ्यास करतो. एक जण नाताळच्या सुटीत तीन आठवडे आपल्या गावी जातो. परदेशी विद्यार्थी मात्र त्याच घरात राहतात, आणि नेमकी तेव्हाच थंडी कडक असते. एकाला खिडकी उघडी लागते, दुसऱ्याला ती उघडी दिसली की पैसे वाऱ्यावर चालल्यासारखे वाटतात. उष्ण प्रदेशातून आलेल्यास पहिल्या हिवाळ्यात अधिक थंडी वाजते हे खरेच असते. त्यास हौस म्हणणे अन्यायाचे ठरेल. तसेच ज्याची शिष्यवृत्ती तुटपुंजी आहे त्याने एकेक पौंड मोजणे हा कंजूषपणा नव्हे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी योग्य असते, म्हणूनच वाद मिटत नाही.

यात २०२१ नंतरच्या दरवाढीने भर घातली. ब्रिटनमधील नियामक संस्था ऑफजेम हिने ठरविलेल्या कमाल दरांनुसार सर्वसाधारण कुटुंबाचे वायू व वीज मिळून वार्षिक देयक ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होते. ते एप्रिल २०२२ मध्ये १,९७१ पौंड झाले. ऑक्टोबर २०२२ पासून हा आकडा ३,५४९ पौंडांवर जाणार होता. शासनाने हस्तक्षेप करून तो सुमारे २,५०० पौंडांवर रोखला आणि त्या हिवाळ्यात प्रत्येक घराला ४०० पौंडांचे साहाय्य सहा हप्त्यांत दिले. यासंबंधी एक गैरसमज मात्र दूर करणे आवश्यक आहे. कमाल मर्यादा ही एकूण देयकावर नसून प्रत्येक युनिटाच्या दरावर व दैनिक स्थिर आकारावर असते. जास्त वापरणाऱ्या घराचे देयक त्या आकड्याच्या कितीही वर जाऊ शकते.

वाटणीच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत समान वाटणीची. तिच्यात हिशेब नाही, परंतु दीर्घकाळ गैरहजर राहणाऱ्यावर अन्याय होतो. शिवाय प्रत्येकाने अधिक वापरलेल्या उष्णतेचा पाचवा हिस्साच त्याच्या खिशातून जात असल्याने काटकसरीची प्रेरणा कमी होते. दुसरी पद्धत केवळ हजेरीच्या दिवसांप्रमाणे वाटणी करण्याची. ती वरवर न्याय्य दिसते; परंतु एक जण गेला म्हणून बोळ, स्वयंपाकघर व न्हाणीघर यांना लागणारी उष्णता कमी होत नाही, आणि स्थिर आकार तर घर रिकामे असले तरी द्यावाच लागतो.

या दोहोंमधील मार्ग जर्मनीने कायद्यानेच घालून दिला आहे. तेथे १ मार्च १९८१ पासून अमलात आलेल्या नियमावलीनुसार, सामाईक उष्णतायंत्रणा असलेल्या इमारतीत खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग मोजलेल्या वापरानुसार आणि उरलेला भाग जागेच्या क्षेत्रफळासारख्या स्थिर मापानुसार वाटला जातो. काही भाग वापराशी जोडल्याने काटकसरीस उत्तेजन मिळते, आणि काही भाग स्थिर ठेवल्याने भिंतीतून मिळणाऱ्या शेजाऱ्याच्या उष्णतेचाही विचार होतो.

हेच तत्त्व विद्यार्थ्यांच्या घरास लागू करता येते. समजा, पाच जणांच्या घराचे तीस दिवसांचे देयक ३०० पौंड आले. त्यात ४० पौंड स्थिर आकार आहे. चौघे पूर्ण महिना घरी होते व पाचवा केवळ १० दिवस. स्थिर आकार सर्वांत समान वाटल्यास प्रत्येकी ८ पौंड होतात. उरलेल्या २६० पौंडांपैकी निम्मे, म्हणजे १३० पौंड, समान वाटले तर प्रत्येकी २६ पौंड. दुसरे १३० पौंड हजेरीनुसार वाटावयाचे. एकूण हजेरी चौघांची १२० व पाचव्याची १० मिळून १३० दिवस, म्हणून दर दिवसास १ पौंड. चौघांना प्रत्येकी ८, २६ व ३० मिळून ६४ पौंड आणि पाचव्यास ८, २६ व १० मिळून ४४ पौंड द्यावे लागतील. समान वाटणीत पाचव्यास ६० पौंड पडले असते आणि केवळ हजेरीप्रमाणे सुमारे २३. चव्वेचाळीस हा आकडा दोन्ही बाजूंना मान्य होण्याजोगा आहे. शालेय गणितातील भागीदारीच्या उदाहरणांपेक्षा यात निराळे काही नाही. शिक्षकांना हे उदाहरण वर्गातही घेता येईल.

कायद्याची बाजू

अनेक विद्यार्थी एकाच भाडेकरारावर सह्या करतात. अशा करारात प्रत्येकाचे दायित्व संयुक्त व पृथक् असते. एकाने भाडे थकविले तर घरमालक ते उरलेल्यांपैकी कोणाकडूनही वसूल करू शकतो. वायू व विजेच्या खात्यावर ज्यांची नावे असतात त्यांच्याबाबतही हीच स्थिती असते. खाते एकट्याच्या नावावर असेल तर पुरवठादाराच्या दृष्टीने तो एकटाच ऋणको ठरतो. घरातील आपसांतला समझोता पुरवठादारावर बंधनकारक नसतो. म्हणून सर्वांची नावे खात्यावर असणे हितावह.

प्रवेशाच्या दिवशीच मीटरवरील आकडे लिहून त्यांचे छायाचित्र घ्यावे व पुरवठादारास कळवावे. तसे न केल्यास देयक अंदाजाने आकारले जाते आणि पुढे फरकाची मोठी रक्कम एकदम अंगावर येते. पुरवठादाराच्या चुकीने आकारणी राहून गेली असेल तर बारा महिन्यांपूर्वीच्या वापराची रक्कम त्यास मागता येत नाही, असा नियम मे २०१८ पासून लागू आहे.

काही ठिकाणी भाड्यातच सर्व खर्च धरलेला असतो. त्या करारात ‘वाजवी वापरा’ची मर्यादा किती हे आधी वाचावे, कारण तिच्यापुढील खर्च भाडेकरूंकडून घेतला जातो. घरमालक वायू वा वीज स्वतः विकत घेऊन भाडेकरूंना पुरवीत असेल तर त्यावर नफा घेता येत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये भाड्याच्या घराचा ऊर्जा-कार्यक्षमतेचा दर्जा, काही अपवाद वगळता, किमान ‘ई’ असावा लागतो. घर पाहावयास जाताना हा दाखला मागावा. तसेच वायूच्या उपकरणांची दरवर्षी नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करून घेणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. सदोष बॉयलरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गंधहीन व प्राणघातक असल्याने याबाबत हयगय होऊ देऊ नये.

थंडी सोसणे म्हणजे बचत नव्हे

वादाला कंटाळून काही घरांत उष्णता जवळजवळ बंदच ठेवली जाते. याचे परिणाम वाईट होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत थंड हवामानाच्या प्रदेशांत घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये असे सुचविले आहे. त्याखाली श्वसनाचे विकार बळावण्याचा धोका असतो.

दुसरा धोका ओलीचा. श्वास, स्वयंपाक, स्नान आणि घरातच वाळत घातलेले कपडे यांमुळे हवेत बाष्प साठते. २० अंश तापमानाच्या व ६० टक्के आर्द्रतेच्या हवेतील बाष्प १२ अंशांच्या पृष्ठभागास लागताच त्याचे पाणी होते. न तापविलेल्या खोलीची बाहेरची भिंत सहज तितकी गार असते. तेथे दव धरते आणि मागोमाग काळी बुरशी येते. दमेकऱ्यास तिचा त्रास होतो, आणि घर सोडताना भरपाईवरून घरमालकाशी नवाच वाद निर्माण होतो. म्हणून रिकाम्या खोलीतही थोडी उष्णता राहू द्यावी, स्वयंपाक व स्नानानंतर थोडा वेळ खिडकी उघडावी आणि कपडे रेडिएटरवर टाकू नयेत.

आरंभीच ठरवावयाच्या गोष्टी

शैक्षणिक वर्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते, थंडी त्यानंतर येते. या मधल्या काळात सर्वांनी एकत्र बसून पाच गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. थर्मोस्टॅट किती अंशांवर राहील. सकाळी व सायंकाळी कोणत्या वेळांत उष्णता चालू असेल. सुटीतील गैरहजेरीचा हिशेब कसा होईल. सुट्या हीटरचा खर्च कोण देईल. आणि महिन्याच्या ठरावीक तारखेस मीटर कोण वाचील. आजारपणात वा परीक्षेच्या काळात सवलत द्यावी असेही नमूद करावे. ज्याची खोली सर्वांत थंड आहे त्याचे म्हणणे प्रथम ऐकावे; भाड्यात त्यास थोडी सूट देऊनही हा प्रश्न सुटतो.

पालकांनी मुलांच्या मासिक खर्चाचा अंदाज करताना हिवाळ्याचे महिने वेगळे धरावेत आणि उन्हाळ्यातील शिल्लक त्यासाठी राखून ठेवण्यास सांगावे. पैशाच्या चिंतेने थंड खोलीत कुडकुडत बसणारा विद्यार्थी पत्रात वा दूरध्वनीवर ते सहसा बोलून दाखवीत नाही. तेव्हा खुशाली विचारताना ‘जेवलास का’ या प्रश्नाबरोबरच ‘खोली उबदार आहे ना’ हेही विचारावे.