खिडकीतून रुमाल

चंद्रपूरच्या बसस्थानकावर अहेरीची एस.टी. लागली, की खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. अहेरीला रेल्वे नाही. जागा हुकली तर शंभरएक किलोमीटर उभ्याने जायचे.

विमानातही अशी शर्यत असे. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनी जानेवारी २०२६ पर्यंत आसनक्रमांक देत नसे. आधी चढेल त्याला हवी ती जागा. म्हणून उड्डाणापूर्वी २४ तास नोंदणी उघडताच प्रवाशांची झुंबड उडे.

आपण याचे गणित पाहू. एकट्याने घाई केली तर त्याचा फायदा होतो. सर्वांनीच केली तर जागा एकही वाढत नाही, दारात कोंडी मात्र होते. तरीही घाई सोडणाऱ्याचाच तोटा! मागे राहतात ते म्हातारे, आजारी आणि कडेवर मूल असलेल्या बाया. म्हणून येथे उपदेश अपुरा पडतो. रांग किंवा क्रमांक असा सर्वांना सारखा नियम लागतो.

वर्गात हा प्रयोग आम्ही सुचवतो. विद्यार्थी २०, खुर्च्या १२. एकदा धावून बसू द्या, एकदा चिठ्ठ्या टाकून. दोन्ही वेळा आठ जण उभे राहतील. ते कोण, याची नोंद मुलांनाच करू द्या.