नऊ प्रश्नांचा निकाल

माणसाची पारख गुणपत्रिकेवरून करण्याची आपली खोड जुनी आहे. आता ती मनाच्या बाबतीतही लागू पाहत आहे. मोबाईलच्या पडद्यावर नऊ प्रश्न येतात, पाच मिनिटांत उत्तरे देऊन होतात आणि तत्क्षणी निकाल उमटतो : ‘मध्यम स्वरूपाचे नैराश्य’. हा निकाल हाती आलेला विद्यार्थी वा कारकून एक तर हबकून जातो, नाही तर ‘असल्या खेळांत काय अर्थ आहे’ असे म्हणून तो पुसून टाकतो. दोन्हींत त्याचे नुकसानच आहे.

या चाचण्यांपैकी सर्वांत प्रचलित म्हणजे ‘पीएचक्यू-९’. अमेरिकेतील रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी ती सिद्ध केली आणि तिच्या पडताळणीचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढेच ती विचारते. ‘अजिबात नाही’ला शून्य, ‘जवळजवळ रोज’ला तीन, अशी २७ गुणांची ही परीक्षा. १० गुण झाले की ‘मध्यम’ नैराश्याची पायरी लागते.

आता चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. या आठवड्यात त्याला रात्रपाळी आहे. दिवसा पत्र्याखालच्या खोलीत झोप लागत नाही : गुण तीन. अंग मोडून आलेले असते : आणखी तीन. जेवणाच्या वेळा उलटसुलट झाल्याने भूक मेली आहे : दोन. कशात लक्ष लागत नाही : दोन. झाले दहा! वास्तविक त्याने पहिल्या दोन प्रश्नांना, म्हणजे कामात रस वाटत नाही का आणि मन उदास असते का, या प्रश्नांना ‘नाही’ असेच उत्तर दिलेले असते. या दोहोंपैकी एकही लक्षण नसेल तर नैराश्याचे निदान सहसा होतच नाही. पण बेरजेला हे कळत नाही. झोप दुःखाने उडाली की पाळीने, हा फरक आकड्यात उतरत नाही. पाळी बदलल्यावर दोन आठवड्यांनी त्याने हीच उत्तरे पुन्हा देऊन पाहावीत. आकडा तेव्हाही तेवढाच राहिला, तर गोष्ट वेगळी.

मूळ अभ्यासात १० गुणांची मर्यादा धरली असता, आजारी असलेल्या शंभरांपैकी ८८ जण या चाचणीने ओळखले आणि आजारी नसलेल्या शंभरांपैकी १२ जणांवर चुकीचा शिक्का मारला. हे प्रमाण ऐकायला उत्तम वाटते. परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार (त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे जाता जाता नमूद केले पाहिजे) हजार प्रौढांमागे सुमारे २७ जणांना त्या वेळी नैराश्याचा विकार होता. सरसकट हजार जणांना ही चाचणी दिली, तर या २७ पैकी २४ जण सापडतील आणि उरलेल्या ९७३ पैकी सुमारे ११७ जण विनाकारण त्या यादीत जातील. म्हणजे सहांतील पाच निकाल फसवे! अर्थात, जो आपण होऊन मध्यरात्री हे प्रश्न उघडून बसतो तो सरासरी माणूस नसतो. त्याला काही तरी टोचत असते, आणि म्हणून त्याच्या निकालाचे वजन अधिक धरावे लागते.

वाहनांचे भाग तयार करणाऱ्या या पट्ट्यात ही गोष्ट समजावून सांगणे कठीण पडू नये. गेजमध्ये न बसलेला नग कोणी तडकाफडकी भंगारात टाकत नाही. तो बाजूला ठेवून नीट मोजला जातो. मनाच्या बाबतीत ही मोजणी तज्ज्ञाकडे होते. अलीकडे कोणी जवळचे गेले आहे का, थायरॉइड वा रक्तक्षयाचा दोष आहे का, चालू औषधांचा हा परिणाम आहे का, पूर्वी कधी अतिउत्साहाचे झटके आले होते का, हे सारे तो विचारतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनोविकाराचे निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच करावयास सांगितले आहे. तेव्हा पडद्यावरच्या आकड्यावरून कामगाराची ‘योग्यता’ ठरवू पाहणाऱ्या पर्यवेक्षकाला तसा कोणताही अधिकार पोहोचत नाही.

बेरजेपेक्षा दोन उत्तरे अधिक बोलकी असतात. प्रश्नावलीच्या शेवटी, गुण नसलेला एक दहावा प्रश्न असतो : या त्रासामुळे काम, घर आणि माणसांशी वागणे किती अवघड झाले? निकालाचे पान दाखवताना तो पुष्कळदा गाळला जातो. वस्तुतः तज्ज्ञाकडे जावे की नाही, हे याच उत्तरावरून अधिक कळते. दुसरा नववा. जगणे नको वाटते का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, असे तो विचारतो. तेथे एक गुण जरी पडला, तरी एकूण बेरीज चार आहे की चोवीस, हे पाहत बसू नये. त्याच दिवशी कोणाशी तरी बोलावे.

उलट बाजूही आहे. आपल्याकडे पुरुष ‘उदास’ हा शब्द स्वतःविषयी सहसा उच्चारत नाहीत. डोके दुखते, छातीत धडधडते, जीव रमत नाही, असे ते सांगतात. अशा माणसाचे गुण तीन-चारच भरतात आणि आपल्याला काही झाले नाही असे प्रमाणपत्र त्याला घरबसल्या मिळते. घरच्यांनी या प्रमाणपत्रावर फार विसंबू नये.

जायचे कोठे, हा प्रश्न उरतो. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. पण सार्वजनिक रुग्णालयांतील बाह्यरुग्ण विभाग बहुधा सकाळी चालतात. त्या वेळी पहिल्या पाळीचा माणूस यंत्रापाशी असतो आणि रात्रपाळीचा नुकताच अंथरुणाला टेकलेला असतो. कंत्राटी कामगाराने रजा घेतली की त्या दिवसाचा पगार बुडतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी हा विभाग उघडा ठेवण्याचे महानगरपालिकेने मनावर घेतले, तर पाळी सुटल्यावर चाकणची बस पकडण्याआधी त्याला तेथे डोकावता येईल.