जिवाणूंच्या नावांचे शुद्धिपत्र

शाळेच्या दाखल्यावर नावातले एक अक्षर चुकले तर पुढे किती कामे अडतात, हे तुम्ही ऐकले असेल. जिवाणूंच्या बाबतीतही तसेच आहे. जगभरचे डॉक्टर आणि संशोधक एकमेकांना समजतात ते नावांमुळेच. मग नावातच चूक असली तर ती कोणी व कशी सुधारायची?

पूर्वी एकाच जिवाणूला अनेक नावे असत. काही नावे नेमकी कोणाची, हेही सांगता येत नसे. म्हणून १ जानेवारी १९८० रोजी मान्य नावांची यादी एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. यादीबाहेरच्या जुन्या नावांची मान्यता गेली. नवी जाती नोंदवताना तिचा प्रमाण नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. किलोग्रॅम म्हणजे किती, हे २०१९ पर्यंत पॅरिसजवळ जपलेला एक धातूचा दंडगोल ठरवीत असे. हा नमुनाही तसाच. नावाविषयी शंका आली की तो पाहायचा.

आता चुकांकडे वळू. मूळ नाव मनाला येईल तसे बदलता येत नाही. पण छपाईची किंवा लॅटिन व्याकरणाची चूक सुधारता येते. जपानमध्ये तांदूळ आंबवून 'साके' नावाचे मद्य करतात. त्यात सापडलेल्या जिवाणूला १९३४ साली 'लॅक्टोबॅसिलस साके' असे नाव मिळाले. परंतु जिवाणू म्हणजे काही साके नव्हे. तो साकेचा आहे! येथे षष्ठी विभक्ती हवी. म्हणून १९९७ साली 'साकेई' अशी दुरुस्ती झाली. आंबवलेल्या पिठाच्या पावातील 'सान्फ्रान्सिस्को' या जातीचेही त्याच वेळी 'सान्फ्रान्सिस्केन्सिस', म्हणजे 'सान फ्रान्सिस्कोचा', असे झाले. अशा दुरुस्तीने नाव देणाऱ्याचे श्रेय आणि मूळ वर्ष बदलत नाही. २०२० साली नव्या वर्गीकरणात या दोघांची प्रजाती बदलली, तरी सुधारलेली जातिनामे तशीच राहिली.

कधी कधी मात्र नाव नियमात बसते, आणि तरीही ते काढून टाकावे लागते. प्लेगचा जिवाणू 'येर्सिनिया पेस्टिस'. १८९६ साली मुंबईत आणि पुढे पुण्यात त्याने केलेला संहार आपल्या इतिहासात नोंदलेला आहे. १९८० च्या सुमारास डीएनएची तुलना केल्यावर दिसले, की 'येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस' या जिवाणूशी त्याचे इतके साम्य आहे, की दोघांना एकच जाती मानावे. दुसरा जिवाणू बहुधा पोटाचे दुखणे देतो आणि क्वचितच जीव घेतो. नियमाप्रमाणे प्लेगच्या जिवाणूला त्याची उपजाती ठरवून तसे लांबलचक नाव दिले गेले.

आता कल्पना करा. प्रयोगशाळेतल्या बाटलीवर ते लांब नाव लिहिताना शेवटचा 'पेस्टिस' हा शब्द गळला, तर हाताळणारा बेसावध राहील आणि प्राणाला मुकेल. हा धोका ओळखून नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोगाने १९८५ साली नवे नाव रद्द केले आणि 'येर्सिनिया पेस्टिस' कायम ठेवले.

म्हणून त्या दोघांचे नाते खोटे ठरले का? मुळीच नाही. नाते डीएनए सांगतो. नावाचे काम ओळख पटवण्याचे. ती ओळख पटवताना कोणाचा जीव धोक्यात येऊ नये, हेही नियमांनी पाहिले पाहिजे.