कृषिविस्तार कार्यक्रमांचे नियोजन व मूल्यमापन

कृषिविस्तार कार्यक्रमांचे नियोजन व मूल्यमापन : शेतीविषयक संशोधनातून सिद्ध झालेले ज्ञान व कौशल्ये शेतकरी कुटुंबांपर्यंत पोहोचविणे आणि त्यांच्या अडचणी संशोधकांपर्यंत नेणे, या दुहेरी कार्यास कृषिविस्तार म्हणतात. हे शाळेबाहेरचे, प्रौढांसाठी असलेले व ऐच्छिक शिक्षण होय. यात शिकणाऱ्याची परीक्षा घेतली जात नाही. मात्र सल्ला चुकल्यास नुकसान त्यालाच सोसावे लागते. त्यामुळे कार्यक्रमाचे यश कशावरून ठरवावयाचे, हे कार्यक्रम आखतानाच निश्चित करावे लागते. प्रत्यक्षात ते बहुधा अखेरीस, अहवाल लिहिण्याच्या वेळी, ठरविले जाते आणि या क्षेत्रातील बरेचसे दोष तेथूनच उद्भवतात.

शेतकऱ्याच्याच शेतात प्रात्यक्षिक करण्याची पद्धत अमेरिकेत सीमन नॅप यांनी १९०३ मध्ये टेक्ससमधील टेरेल येथे रूढ केली. भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम व पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामपातळीवरील विस्तारकार्याचा मोठा भाग त्यांच्याकडे आला. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी व दापोली (१९७२) येथील कृषि विद्यापीठांवर शिक्षण व संशोधन यांबरोबरच विस्तार-शिक्षणाचीही जबाबदारी आहे.

नियोजन : प्रथम स्थानिक परिस्थितीची पाहणी करून जमीन, पाऊस, पीकपद्धती, मजुरांची उपलब्धता, कर्ज व बाजार यांची माहिती घेतात. त्यानंतर अडचणींचा अग्रक्रम शेतकऱ्यांसमवेत लावला जातो. ही पायरी गाळल्यास काय होते, हे ज्वारीच्या उदाहरणावरून दिसते. सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण १९६४ मध्ये प्रसारित झाला. खरिपात संकरित ज्वारीचा प्रसार पुष्कळ झाला. परंतु सोलापूर व आसपासच्या रब्बी पट्ट्यात मालदांडी ३५-१ चेच स्थान टिकून राहिले. तेथील शेतकऱ्यास दाण्याइतकीच कडब्याची गरज असते आणि भाकरीची चवही तो विचारात घेतो. केवळ धान्याच्या हेक्टरी उत्पादनावर नजर ठेवणाऱ्यास हा शेतकरी परंपरानिष्ठ वाटेल. वस्तुतः त्याचा हिशेब अधिक पूर्ण असतो.

उद्दिष्ट मोजता येईल अशा शब्दांत मांडावे लागते. ‘कापसावरील कीडनियंत्रणाचा प्रसार करणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ती केवळ इच्छा झाली. कामगंध सापळे किती शेतकऱ्यांनी लावावयाचे, फरदड न घेता पऱ्हाट्या कोणत्या महिन्यापर्यंत काढावयाच्या, हे त्यात स्पष्ट हवे. उद्दिष्टानुसार गटचर्चा, प्रात्यक्षिक, शिवारफेरी, नभोवाणी अशा पद्धतींची निवड होते. नभोवाणी वा दूरचित्रवाणीमुळे माहिती थोड्या अवधीत सर्वत्र पोहोचते. हाताचे कौशल्य मात्र प्रात्यक्षिकाविना येत नाही.

मूल्यमापन : क्लॉड बेनेट यांनी १९७५ मध्ये मूल्यमापनाच्या सात पायऱ्या मांडल्या. निविष्टा, कार्ये, सहभाग, प्रतिक्रिया, ज्ञान-वृत्ति-कौशल्य-आकांक्षा यांतील बदल, आचरणातील बदल व अंतिम फल, असा त्यांचा चढता क्रम आहे. वरच्या पायरीवरचा पुरावा मिळविणे अधिक खर्चाचे व कष्टाचे असल्याने बहुतेक अहवाल पहिल्या तीन पायऱ्यांवरच थांबतात. किती मेळावे झाले, किती उपस्थिती होती, एवढेच त्यांतून कळते.

बीटी कापसाच्या बाबतीत हा फरक ठळकपणे दिसून आला. भारतात २००२ मध्ये या कापसास परवानगी मिळाली. किडीत प्रतिकारक्षमता निर्माण होऊ नये म्हणून ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी दिली जाई व ती शेताच्या कडेने आश्रयपीक म्हणून पेरणे अपेक्षित होते. पुड्यांचे वाटप झाले, पण पुष्कळ शेतकऱ्यांनी त्या पेरल्या नाहीत. आज जागा अडवून उद्याचा, तोही सर्वांचा मिळून, लाभ घ्यावयाचा ही कल्पना पटवून देण्याचे शिक्षण अपुरे पडले होते. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने मोठे नुकसान केले. फरदड व दीर्घ मुदतीचे वाण हीदेखील त्याची कारणे होती. पुढे बिगर-बीटी बियाणे त्याच पाकिटात मिसळून देण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला. म्हणजे शिक्षणाने न झालेले काम वेष्टनाकडे सोपविले गेले.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन अनेकांचा मृत्यू झाला. मृतांत शेतमजूरही होते. सभेचे निमंत्रण जमीनधारकास जाते, परंतु पाठीवर पंप घेऊन पिकात शिरणारा बहुधा मजूर असतो. निंदणी व वेचणी प्रामुख्याने स्त्रिया करतात. शिकणारा कोण, हे नियोजनात चुकले तर उपस्थितीचा आकडा कितीही मोठा असला तरी तो निरर्थक ठरतो.

कार्यक्रमाचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढणे कठीण असते. महाराष्ट्रातील बहुतांश शेती पावसावर अवलंबून असल्याने चांगल्या पावसाच्या वर्षातील उत्पादनवाढीचे श्रेय सल्ल्यास देता येत नाही. यासाठी आरंभीच पायाभूत पाहणी करतात आणि कार्यक्रमाबाहेरील सारख्या गावांशी तुलना करतात. पाहणी एकाच हंगामावर न थांबविता पुढेही चालू ठेवावी लागते, कारण अनुदान संपताच सोडून दिलेली पद्धत ही शिकलेली पद्धत नसते.

डॅनिएल बेनॉर यांच्या ‘प्रशिक्षण व भेट’ योजनेत ठरलेल्या दिवशी पंधरवड्याची भेट व निवडक संपर्क शेतकरी ही प्रमुख अंगे होती. तिने कामास शिस्त आणली; मात्र भेटींची नोंद हेच पुष्कळदा यशाचे माप बनले आणि संपर्क शेतकरी सधन वर्गातून निवडले जाण्याची प्रवृत्ती दिसून आली. कृषि तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा (आत्मा) १९९८ नंतर आली. तिच्या प्रारंभीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. तिच्यात जिल्ह्याचा आराखडा स्थानिक गरजांवरून तयार करण्यावर भर होता. सोयाबीनवरील २००८ च्या पाने खाणाऱ्या अळ्यांच्या उद्रेकानंतर राज्यात २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ हा कीडरोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. त्यात शेतातील किडींची नियमित मोजणी होऊन, आर्थिक नुकसानीची पातळी पाहून सल्ला दिला जातो. येथे पाहणी ही नियोजनाचाच भाग बनते आणि चूक हंगाम संपण्यापूर्वी लक्षात येऊ शकते.

मूल्यमापन कार्यक्रम राबविणाऱ्यांनीच करावे की बाहेरच्यांनी, याविषयी मतभेद आहेत. राबविणाऱ्यास तपशील ठाऊक असतो, परंतु अपयश नोंदविण्याचे धैर्य त्याला क्वचितच परवडते. म्हणून मोठ्या प्रकल्पांत अंतर्गत नोंदींना विद्यापीठे किंवा स्वतंत्र संस्था यांच्या पाहणीची जोड देतात.