पहिला रविवार, बारा सत्तावन्न

सर्व्हरखोली : लेखांक ७

बॅकअपची वेळ ठरवताना बहुतेक जण रात्रीचा एक निवडतात, कारण तेव्हा मशीनवर कुणी नसतं असं आपण धरून चालतो. पनवेलकरांनी इथे हार्बरचा रविवार आठवावा. गर्दी कमी, म्हणून मेगाब्लॉक रविवारी. सर्व्हरच्या देखभालीची कामंही याच हिशेबाने रात्री लावलेली असतात, आणि त्यातली बरीचशी आपण लावलेलीच नसतात.

जुन्या पनवेलमधलं एका सीएंचं ऑफिस. ३०० जीबीचा पूर्ण बॅकअप रोज रात्री एकला सुरू होऊन दोनच्या सुमारास संपायचा. एखाद्या रात्री मात्र पावणेपाच व्हायचे. तीन वाजता त्याच फाइलची प्रत बाहेरच्या डेटासेंटरला पाठवायचं काम ठरलेलं होतं. ती प्रत त्या रात्री अर्धवट जायची. वेळ आली की अशा प्रतीचा भरवसा धरता येत नाही, म्हणून हा उशीर मला किरकोळ वाटला नाही.

आधी संशय नेटवर्कवर गेला. केबल बदलली, फरक पडला नाही. मग लॉगमधून तीन गोष्टी वहीत उतरवल्या: तारीख, किती डेटा गेला, किती वेळ लागला. भागाकार केला तर एरवी सेकंदाला ८० एमबी आणि त्या रात्री २२. डेटा तेवढाच. म्हणजे काम वाढलेलं नव्हतं, वाटेत कुणीतरी आडवं येत होतं. तिथला आयटी बघणारा मुलगा तारखांवरून बोट फिरवत म्हणाला, “सर, हे सगळे महिन्याचे पहिले रविवार आहेत.”

पुढच्या पहिल्या रविवारी आम्ही जागलो. १२ वाजून ५७ मिनिटांनी सर्व्हरच्या दोन्ही डिस्कचे दिवे लुकलुकायला लागले, ते थांबेचनात. डिस्कच्या जोडीची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅटची फाइल उघडली तर ‘चेक’ हा शब्द आणि मुंगीच्या पावलांनी सरकणारी टक्केवारी. डेबियनच्या कितीतरी आवृत्त्यांमध्ये सॉफ्टवेअर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी याच मिनिटाला आपोआप सुरू होते. दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. तीन मिनिटांनी बॅकअपही त्याच डिस्क वाचू लागतो, आणि वाचणारा काटा दोघांच्या मध्ये धावत राहतो.

ही तपासणी बंद करू नका. कधीच वाचला न गेलेला खराब भाग तीच शोधून काढते. नाहीतर एक डिस्क गेल्यावर दुसरीतलं भगदाड कळतं. आम्ही बॅकअप रात्री अकरावर आणला. बाराच्या आगेमागे तो संपतो.

भागाकारात वेग तोच राहिला आणि डेटा फुगला, तर शोध वेगळ्या दिशेने. इन्क्रिमेंटल बॅकअपमध्ये महिनाअखेरीच्या नोंदी किंवा डेटाबेसची पुनर्बांधणी बदललेला डेटा एकदम वाढवतात. पावसाळ्यात वीज जाऊन व्हर्च्युअल मशीन धाडकन बंद पडलं, तर बदललेल्या ब्लॉकची नोंद बाद होऊ शकते; मग पुढच्या वेळी अख्खी डिस्क वाचावी लागते. लाखभर छोट्या स्कॅन फाइलींचं गणित आणखी निराळं: जीबी कमी, पण प्रत्येक फाइल उघडून बंद करण्यातच वेळ जातो. म्हणून वहीत फाइलींच्या संख्येचा चौथा रकाना ठेवा.

पुढच्या आठवड्यात हीच प्रत परत उतरवून पाहू. घड्याळ तिथेही लावायचं आहे.